मधले की उंच दातांचे?

शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. मी खुशाल आहे. घरही ठीक आहे, फक्त न्हाणीघरातला नळ अजून ठिबकतोच. प्लंबर येतो, नळाकडे बघतो, मान हलवतो आणि निघून जातो. त्याचा आणि नळाचा काहीतरी समझोता झालेला दिसतोय.

तुझं पत्र मी दुकानात घेऊन गेले होते, जेवणाच्या सुट्टीत निवांत वाचू म्हणून. कसलं निवांत! नेमक्या एक बाई आल्या. पाय सहा नंबरचा आणि हट्ट पाचाचा. बुटाच्या टोकावर अंगठा दाबून दाखवला, म्हटलं, बघा, आत बोटांना जागाच नाही. "चामडं सैल होईल हो," म्हणाल्या आणि पाचाचाच जोड घालून लंगडत गेल्या. मग डबा बाजूला ठेवून पाकीट फोडलं. तुझ्या ओळी अजून उजवीकडे चढत जातात.

तू एकच गोष्ट विचारलीस. महिनाअखेरच्या मोठ्या शर्यतीला संघाचा मेकॅनिक दोनच प्रकारचे टायर नेऊ देतोय, तिसऱ्याला गाडीत जागा नाही म्हणतो. तर बाबा असते तर काय म्हणाले असते? खाली 'तब्येतीला जपा' आणि सही. एवढ्या महिन्यांनी आलेलं पत्र, पण मला पुरलं. चारदा वाचलं.

शेजारच्या काकांना अजून वाटतं की तू रस्त्यावरच्या शर्यती खेळतेस. परवा कुंपणापाशी त्यांना पुन्हा समजावलं, की सायक्लोक्रॉस म्हणजे माळावरून, चिखलातून, वाळूतून सायकल हाकायची. वाटेत फळ्या आडव्या लावलेल्या असतात, तिथं उडी मारून उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळत सुटायचं. काका म्हणाले, "मग सायकल न्यायचीच कशाला?" याचं उत्तर तुझ्या बाबांना सुचलं असतं, आणि ते अर्धा तास चाललं असतं.

गॅरेज तू सोडून गेलीस तसंच आहे. व्हॅन विकली, हे तुला कळवलं होतंच. त्यामुळे आता तिथं मधोमध रिकामी जागा आहे आणि भिंतीवर तिन्ही जोड्या तशाच टांगलेल्या आहेत. काल संध्याकाळी दिवा लावून खाली जाऊन बसले, स्टुलावर. रबराचा वास तोच.

पहिली जोडी बारीक दातांची, मधोमध कानशीसारखी. तिच्याकडे बघितलं की मला तळ्याकाठची शर्यत आठवते. तू किती लहान होतीस, हेल्मेट कपाळावर घसरायचं. वाळू मऊ असते, रुतेल, म्हणून बाकीच्या मुली उंच दातांचे टायर लावून आल्या आणि जागच्या जागी वाळू उकरत बसल्या. तुझे टायर जवळजवळ गुळगुळीत आणि त्यात हवा अगदी कमी. तू वाळूवरून तरंगत गेलीस. तुझे बाबा थर्मास हातात घेऊन दोरीच्या बाजूनं लंगडत पळत होते आणि सगळी कॉफी त्यांच्या पँटवर.

उंच दातांची जोडी धुऊनही पिवळीच राहिलीय. वीटभट्टीमागच्या त्या शर्यतीचा रंग आहे तो. तिथला चिखल म्हणजे पातळ खळ, पायमोज्यातून आत गेलेली दुसऱ्या बाजूनं बाहेर यायची. शर्यत संपल्यावर तुझे नुसते डोळे आणि दात दिसत होते. आणि मग आपली व्हॅन रुतली. बाबा "ढकला, ढकला!" ओरडत आत बसून राहिले आणि आपण दोघी मागून ढकलत होतो. चाकं फिरली आणि आपल्यावर आणखी एक थर चढला. तू तेव्हा हसलीस. माझ्याकडे बघून हसलीस, हे मी लक्षात ठेवलंय.

मधली जोडी झिजलीय, कारण तीच सगळ्यात जास्त वापरली. गवत, ओली माती, रिमझिम, साधे रविवार. त्या रविवारांचं वेगळं असं काही आठवत नाही. सकाळी काच पुसत निघायचं, संध्याकाळी बादल्या उपड्या करून परत यायचं. आता तेच सगळ्यात जास्त आठवतात.

तर तुझ्या प्रश्नाकडे येते. तू लिहिलंयस की शर्यतीचा कोर्स घोड्यांच्या जुन्या मैदानावर आहे. गवताखाली जड माती, झाडांखाली एक उतार जिथं ऊन पोचत नाही, आणि पुढं लांबलचक कडक पट्टा. तुझे बाबा म्हणाले असते, बारीक दातांचे घरी ठेव. मधले आणि उंच, एवढेच ने. सकाळी उठून त्या उतारावर जायचं आणि टाच रोवून गोल फिरवायची. खळगा पडला आणि त्यात पाणी भरलं, तर उंच. पाणी भरलं नाही पण माती गोळा होऊन टाचेला चिकटून वर आली, तर पुढं उंच आणि मागं मधले. वळणाचं सगळं काम पुढचं चाक करतं, मागचं नुसतं मागून येतं. आणि हवेचं तुला माहीतच आहे. नवा बूट घालून बघताना टोकाशी जेवढा दबतो, तेवढाच टायर अंगठ्याखाली दबला पाहिजे. त्याहून कडक नको.

एवढं बाबांच्या वतीनं. आणखीही एक लिहायचं होतं, पण कागद संपत आला. स्वेटर घालत जा.

तुझी
मावशी


बुधवार, १९ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. तुझं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. एरवी मी तुझ्या पत्राला उलट टपाली उत्तर लिहिते, या वेळी तीन संध्याकाळी नुसती बसून राहिले.

तू लिहितेस, "बाबांचा गुडघा पायरीवर वाकत नव्हता, ते चिखलाच्या उतारावर टाच कशी रोवणार? आणि बाबा बारा महिने सपाता घालायचे. बुटाच्या टोकाची गोष्ट ते कुठून शिकले? कोर्स बघायला कोण जायचं, मावशी?"

मी जायचे.

आता सगळंच सांगते. तू तेरा वर्षांची होतीस आणि मला या घरात येऊन दोन वर्षं झाली होती. तुझ्या आईच्या जागी मी आले नव्हते, तशी जागा कुणी घेत नसतं हे मला कळत होतं. पण तुझ्या घरात, तुझ्या टेबलावर, तुझ्या व्हॅनमध्ये मी बसत होते, आणि तू मला जेवढ्यास तेवढं बोलत होतीस. शर्यतीच्या दिवशी सकाळी तू आणि बाबा सायकली उतरवायचात. मला काम नसायचं, म्हणून मी रबरी बूट घालून कोर्सवर एक चक्कर मारायचे. मारता मारता जमीन कळायला लागली. कुठं पाय सरकतो, कुठं रुततो, कुठं माती सुटतच नाही. दिवसभर लोकांच्या तळव्यांशी माझं काम, मला त्यात गंमत वाटायची.

त्या दिवशी मी परत येऊन तुला म्हटलं, "भिंगरी, झाडांखाली फार घसरडं आहे, उंच दातांचे लाव." तू माझ्याकडे न बघता बारीक दातांचे लावलेस. पहिल्याच फेरीत पडलीस आणि तुझं गळ्याखालचं हाड मोडलं. माझं तोंड मी बंद ठेवलं असतं तर तू आपणहून उंचच लावले असतेस, हे मला तेव्हाही दिसत होतं आणि तुझ्या बाबांनाही.

आत तुझा हात बांधत होते आणि आम्ही दवाखान्यातल्या बाकावर बसलो होतो. बाबा म्हणाले, "तू सांगितलेलं ती ऐकायची नाही. मी सांगितलेलं ऐकेल. तर मग तू मला सांगत जा, मी तिला सांगतो."

मी म्हटलं, "हे फसवणं झालं."

"फसवणं कसलं? निरोप्याचं काम आहे. पगारसुद्धा नको मला."

तिथून पुढं ते तसंच चाललं. मी चक्कर मारून यायचे, बादली भरायच्या निमित्तानं त्यांच्याजवळून जायचे आणि हळूच म्हणायचे, "मधले." बस, एवढंच. बाकी सगळं नाटक त्यांचं स्वतःचं. हात मागं बांधून आभाळाकडे बघणं, नाकानं जोरात हवा ओढणं, 'हं' म्हणणं, आणि मग तुला, "माझा आपला अंदाज हं, मधले लाव." आभाळाचा काय संबंध! पण तू डोळे मोठे करून ऐकायचीस.

शर्यत संपली की तू धावत येऊन त्यांना मिठी मारायचीस, "बाबा, तुम्ही बरोबर होता!" मी तुझी सायकल धुवत असायचे. ते तुझ्या डोक्यावरून माझ्याकडे बघून एक डोळा मिटायचे. परत येताना तू मागच्या सीटवर झोपलीस की हळूच म्हणायचे, "आज आपण बरे खेळलो." मला ते पुरायचं. अगदी खरं सांगायचं तर एकदाच पुरलं नाही. तू पहिल्यांदा पहिली आलीस आणि फोटोवाल्यानं तुला विचारलं, की आज टायरची निवड कुणाची? तू बाबांचा हात धरून पुढं ओढलंस. मी बादली घेऊन व्हॅनच्या मागं गेले.

त्या संध्याकाळी तेच म्हणाले, "आता मोठी झालीय. सांगून टाकू एक दिवस." मी म्हटलं, "कशाला घाई." मग तू संघात गेलीस, घरी येणं कमी झालं, आणि मार्चमध्ये ते गेलेच. भाजी चिरता चिरता खुर्चीत बसले आणि पुन्हा उठले नाहीत. सांगायचं राहिलं.

आता ते दारातलं. तेराव्याचे पाहुणे गेले होते, तुझी बॅग हातात होती, टॅक्सीवाला हॉर्न देत होता. तू म्हणालीस, "बाबा गेले. आता तुमचा माझा संबंध काय?" मी म्हटलं, "सावकाश जा." तुझ्या या पत्रात तू त्या वाक्याबद्दल माफी मागितलीस. मागू नकोस. दुःखात माणूस बोलून जातं हे तर आहेच, पण प्रश्न खराच होता. मलाही पडला होता. तू गेल्यावर घरभर फिरताना मी स्वतःला विचारायचे, की आता मी या मुलीची कोण? लग्नानं जोडलेलं नातं, जोडणाराच गेला. मला तुझ्याबद्दल खात्रीनं काय माहीत होतं? तुला कुठल्या चिखलात कुठला टायर लागतो, डाव्या पायाचा नंबर उजव्यापेक्षा अर्धा मोठा आहे, आणि हरलीस की तू जेवत नाहीस, नुसतं पाणी पितेस. तेवढ्यावर कुणी कुणाची कोण होतं का, ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून फोन केला नाही. आणि म्हणून गेल्या पत्रातही बाबांच्याच आडून बोलले. सवय झालेली.

तू विचारलंस, "शर्यतीला याल का? सकाळी कोर्स बघायला कुणीतरी हवं." दुकानाच्या मालकीणबाईंना आजच विचारलं. ऐन गर्दीचे दिवस आहेत, म्हणून आधी भुवया चढवल्या, मग म्हणाल्या, "जा, पण सोमवारी पाय मोजायला हजर." रबरी बूट काढून ठेवलेत. शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, संध्याकाळच्या गाडीनं पोचते.

मावशी


मंगळवार, २ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. सुखरूप पोचले. गाडीत समोर बसलेल्या बाईनं माझ्या बुटांकडे बघून पाय वर घेतले ते शेवटपर्यंत खाली ठेवले नाहीत. काल दुकानात उभी राहिले तेव्हा नखांत माती होती. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "बागकाम करता वाटतं?" मी हो म्हटलं.

या शर्यतीवरून पुढच्या स्पर्धेसाठी होणाऱ्या निवडीचं अजून कळलं नसेल. कळलं की लगेच फोन कर, वेळ बघू नकोस. चौथी आलीस. तिसरी आली असतीस. ती कुणामुळे आली नाहीस ते आपल्या दोघींना आणि त्या लंबू मेकॅनिकला चांगलंच माहीत आहे, पण तुझ्या बाजूनं तू जे बघितलंस ते मला माहीत नाही आणि माझ्या बाजूचं तुला. म्हणून लिहिते.

सकाळी आपण दोघी चालत निघालो तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. उतारावर मी टाच फिरवली, खळग्यात लगेच पाणी भरलं. मी म्हटलं, उंच, तुझ्या आणि बदलीच्या, दोन्ही सायकलींना, पुढं-मागं. तू आभाळाकडे बघून म्हणालीस, "वारा सुटलाय, दुपारपर्यंत वाळेल. एका सायकलीला तरी मधले लावू." मला काय झालं कुणास ठाऊक. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी स्वतःच्या तोंडानं बोलत होते, आणि मला ते सोडवेना. "नाही, उंचच," म्हटलं. लंबू काहीतरी पुटपुटला. तू हातमोजे चढवायला लागलीस. वाद घालायचा तुला संकोच वाटला असणार, आणि मी त्या संकोचाचा फायदा घेतला, हे आता कळतंय.

तू सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिलीस आणि ढग फाटले. असलं चकचकीत ऊन मी त्या महिन्यात बघितलं नव्हतं. मी लंबूबरोबर दुसरी सायकल धरून चिखलाच्या थांब्यावर उभी होते, जिथं तुम्ही सायकल बदलायला येता. पहिल्या फेरीत तू तिसरी होतीस. दुसऱ्या फेरीत चिखल घट्ट व्हायला लागला. लांबूनच दिसत होतं, तुझी चाकं गोळे घेऊन फिरत होती, आणि त्या कडक पट्ट्यावर टायर भुंग्यासारखे घुमत होते, तू जोर लावत होतीस आणि पुढं सरकत नव्हतीस. एकेक मुलगी तुला ओलांडून गेली. लंबू नुसता माझ्या हातातल्या सायकलीच्या टायरकडे बघत होता. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मग तू थांब्यात शिरलीस, सायकल माझ्या अंगावर ढकललीस आणि ओरडलीस, "मावशी! तुला सांगितलं होतं ना वाळेल म्हणून! मधले लाव, मधले!" आणि दुसरी सायकल घेऊन, तीही उंच दातांचीच, निघून गेलीस.

पुढचं तुला दिसलं नाही. मी खाली गुडघ्यावर बसले आणि चाक काढायला लागले. लंबू शेजारी बसत म्हणाला, "काकू, तुम्ही पुढचं घ्या, मी मागचं." मधल्या जोडीची चाकं आम्ही दोघांनी चढवली. मी अंगठ्यानं हवा बघितली, जास्त होती, सोडली. तो म्हणाला, "एवढी सोडू नका." मी म्हटलं, "मुकाट्यानं साखळी बसव." बसवली बिचाऱ्यानं. अर्ध्या फेरीनं तू परत आलीस, ती सायकल उचललीस, आणि मग जी सुटलीस! झाडांमागं दिसेनाशी झालीस तेव्हा नववी, बाहेर आलीस तेव्हा सातवी. लंबू नाचत होता. मी दोरीच्या बाजूनं पळत होते. या वयात, रबरी बुटांत. तुझे बाबा कसे पळायचे ते बघून मला हसू यायचं. आता समजलं, पाय आपोआप निघतात.

शर्यतीनंतर तू उपड्या बादलीवर बसून नुसतं पाणी पीत होतीस. मी जवळ आले नाही. थोड्या वेळानं तूच म्हणालीस, "बाबा कधी चुकले नाहीत." मी सांगितलं, चुकायचे, म्हणजे मी चुकायचे. गोठलेल्या मैदानावर एकदा आणि त्या शाळेमागच्या शर्यतीत एकदा. दोन्ही वेळा ते तुला म्हणाले होते, "चुकलो गं, म्हातारा झालो." तू बाटलीचं टोपण घट्ट बसवलंस. मग म्हणालीस, "म्हणजे शिव्या त्यांनी खाल्ल्या?" आणि हसायला लागलीस. मीही. लंबूला वाटलं आपल्याला वेड लागलं. पण मग तू त्याच्या हातातलं अर्धं सँडविच काढून घेतलंस आणि खाल्लंस. चौथी येऊन खाल्लंस! मी ते बघितलं.

परतीच्या गाडीत बसल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तुझ्या आली की नाही, माहीत नाही. मी या घरात आल्यापासून ऐकत होते, तू बाबांना 'तुम्ही' म्हणायचीस. टेबलावरच्या आईच्या फोटोशी बोलायचीस तेव्हा 'तू'. आणि मला 'तुम्ही'. मी कधी काही म्हटलं नाही, म्हणण्यासारखं ते नसतंच. रविवारी, चिखलानं माखलेली, रागानं लाल झालेली, सगळ्या मैदानासमोर तू मला 'तुला सांगितलं होतं ना' असं ओरडलीस. मी खिडकीकडे तोंड करून बसले. ती पाय वर घेतलेली बाई विचारत होती, "काही वाईट बातमी का?" मी म्हटलं, "नाही हो. मुलगी रागावलीय माझ्यावर."

तुझी नाताळची सुट्टी केव्हा लागते ते कळव. तुझ्या खोलीतला पलंग खिडकीपाशी सरकवलाय, तुला तिथं आवडेल. प्लंबरला शेवटचं बोलावलंय. आणि मधली जोडी पार झिजलीय, नवी बघायला आपण दोघी बाजारात जाऊ.

फक्त एक सांगून ठेवते. झाडांखालच्या त्या उतारावर पुढच्या चाकाला उंच दातांचेच टायर हवे होते. ऊन पडो नाहीतर वारा सुटो, तिथली माती शेवटपर्यंत ओली होती, मी नंतर जाऊन पुन्हा टाच फिरवून बघितली. तुला पटणार नाही. लंबूलाही पटलेलं नाही. पत्रातून याचा निकाल लागायचा नाही, तेव्हा ये आणि समोर बसून भांड.

भांडायला वाट बघणारी
तुझी
मावशी